जिनिंगच्या पोर्चमधल्या पाकोळ्या : प्रकल्प नोंदी

३ मार्च, रविवार

पोरीचा प्रकल्प संपला आणि माझा सुरू झाला. तिला आठवीत परिसरातले पक्षी असा विषय होता, मी वायरमन, रोज खांबावर, म्हणून तिनं मलाच विचारलं की बाबा तारेवर कोणकोणते पक्षी बसतात. मी भराभर सांगितले, कोतवाल, वेडा राघू, नीळकंठ, होले, साळुंक्या, भिंगरी, हिवाळ्यात एखादा खाटीक. मग ती म्हणाली, आणि जिनिंगवर ते काळे काळे चिर्रर्र करत फिरतात ते कोणत्या तारेवर बसतात? मला उत्तर देता आलं नाही. चौदा वर्षं झाली लाइनवर काम करून राहिलो, अकरा केव्हीची लाइन असो की घरगुती सर्व्हिस वायर, ते पाखरू मी एकदाही तारेवर बसलेलं पाहिलं नाही. झाडावर नाही, छपरावर नाही, वावरात नाही. फक्त संध्याकाळी जिनिंगच्या पोर्चमध्ये घुसताना पाहिलंय. तिनं तिच्या वहीत दहा पक्षी लिहून वही जमा केली, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून काही जाईना.

जागा : आमचं गाव, हिंगणघाट तालुका. रोडच्या कडेला जुनी जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना, आता बंद. ऑफिसच्या पुढं मोठा पोर्च, आधी तिथं कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, वजनकाट्यावर लागायच्या. वर लोखंडी गर्डर आणि मधात कमानी, चुन्याचं काम. त्या कमानींच्या कोपऱ्यात घरटी चिकटवलेली आहेत. आज मोजली, ३८. एकमेकाला लागून, मधमाशीच्या पोळ्यासारखा पुंजका दिसतो लांबून.

१० मार्च

नाव मिळालं. मोबाइलमध्ये फोटो काही येत नाही, एवढ्या जोरात जाते की नुसती काळी रेघ येते, शेवटी पोर्चमध्ये शिरताना स्लो मोशन व्हिडिओ घेतला तेव्हा कमरेवरचा पांढरा पट्टा दिसला. गळा पांढरा, कंबर पांढरी, बाकी सगळी काळपट, शेपटी आखूड आणि सरळ कापल्यासारखी. ही छोटी पाकोळी, घर पाकोळी पण म्हणतात. चोचीपासून शेपटीपर्यंत बारा सेंटीमीटर, वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. पंख मात्र विळ्यासारखे लांब. आफ्रिकेपासून आपल्या भारतापर्यंत सगळ्या उष्ण भागात आहे ही, आणि आपल्याकडं वर्षभर राहते, कुठं जात नाही.

नावाचा घोळ आहे. आई म्हणते पाकोळी म्हणजे दिव्यावर येणारं पाखरू. शेजारचे आबाजी म्हणतात पाकोळी म्हणजे बारकं वटवाघूळ. जिनिंगवरचे वॉचमन मामा तर तीस वर्षं त्याच पोर्चखाली खाट टाकून झोपून राहिले, ते म्हणाले, "मी त वटवाघळाचे पोट्टे समजत होतो बाप्पा, अंधार पडला का घुसते." म्हणजे गावातल्या कोणाकडंच या पक्ष्याला स्वतःचं असं नाव नाही. मला ते वाईट वाटलं. रोज डोक्यावर हजार चकरा मारणारा पक्षी आणि हाक मारायला नाव नाही.

आणि भिंगरी वेगळी हे लिहून ठेवतो कारण मीच दोन्ही एक समजत होतो. भिंगरी तारेवर रांगेनं बसते, पाकोळी बसत नाही. दोघी दिसायला बहिणी पण नात्यानं लांबच्या. पाकोळीची जवळची नातलग म्हणजे अमेरिकेतला तो फुलासमोर तरंगणारा हमिंगबर्ड, एकाच गणातले आहेत दोघे.

१७ मार्च

आज हातात घ्यायला मिळाली. सकाळी मामांचा फोन, "ये बा लवकर, एक पाखरू खाली पडून आहे, उडत नाही." गेलो तर पोर्चच्या फरशीवर पंख पसरून पडलेली, बाजूला चिमण्यांचा दंगा. चिमण्या त्यांची घरटी बळकावतात, भांडणात खाली आली असावी. जखम काही दिसली नाही.

पाय पाहिले तेव्हा तारेचं कोडं सुटलं. पाय इतके आखूड की पोटाच्या पिसांत लपून जातात, आणि चारही बोटं समोर. बाकी पक्ष्यांचं एक बोट मागं असतं, त्यानंच तार धरता येते. आपल्या पक्कडीचा एक जबडा काढून टाका आणि मग वायर धरून दाखवा, तसं आहे हे. बोटांना नखं मात्र अशी की माझ्या शर्टाला लटकून राहिली, सोडवता सोडवेना. म्हणजे उभ्या भिंतीला, खडबडीत दगडाला लटकायचं, बस, एवढंच या पायांना जमतं. यांच्या कुळाचं शास्त्रीय नाव ग्रीक भाषेतल्या बिनपायाचा या अर्थाच्या शब्दावरून आलंय, जुन्या लोकांना वाटायचं याला पायच नाहीत.

पिसांत एक चपटी माशी होती, खेकड्यासारखी आडवी चालली आणि परत पिसांत घुसली. पाकोळ्यांच्या अंगावर रक्त पिणाऱ्या अशा माश्या राहतात. डोळे मोठे, खोल, वरती भुवईसारखी पिसं. तोंड बंद असताना चोच एवढीशी, उघडलं तर कानापर्यंत.

हवेत फेकायची नाही हे आधी वाचून ठेवलं होतं. जिन्यानं वरच्या गच्चीवर नेली, तळहात सपाट ठेवून हात उंच केला आणि थांबलो. दोन मिनिटं काही नाही. मग अंग थरथरायला लागलं तिचं, तळव्याला कळत होतं, आणि गेली. आधी खाली घसरली, माझा जीव गेला, मग निंबाच्या शेंड्यावरून सरळ वर.

३१ मार्च

घरटं कशाचं असतं ते. मागच्या साली पडलेलं एक जुनं घरटं मामांनी खोपटात ठेवलं होतं, ते पोरीनं पेपरवर सोडवलं. कोंबडीची पिसं, गवताच्या काड्या, पोत्याचा प्लास्टिकचा धागा, आणि बराचसा कापूस. जिनिंगचा म्हणावं तर जिनिंग बंद. मग लक्षात आलं, हा सावरीचा कापूस आहे. चैत्रात काटेसावरीची बोंडं फुटतात आणि म्हाताऱ्या उडतात ना हवेत, त्या. जमिनीवर उतरता येत नाही तर सामान आणणार कुठून, जे हवेत उडतं तेच धरायचं. आणि सगळं चिकटवायचं स्वतःच्या थुंकीनं, वाळल्यावर फेविकॉलसारखं कडक होतं. पोरीनं बोटानं वाकवून पाहिलं तर तुटलं पण उकललं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर पिसं घेऊन गेलो, एकेक वाऱ्यावर सोडलं. पंधरातली सहा त्यांनी वरच्या वर झेलली. पोरगी नुसती उड्या मारत होती, आणि मीपण.

थुंकीचंच एक सांगतो. कोकणात वेंगुर्ल्याजवळ समुद्रातल्या खडकांवर यांच्या जातकुळीतली एक पाकोळी आहे, तिचं घरटं बहुतेक थुंकीचंच असतं, ते खाण्यासाठी चोरून विकायचे लोक. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथं घरट्यांच्या राखणीचं काम केलं. आपल्या पाकोळीच्या घरट्यात पिसं आणि कचराच जास्त, ते कोणी खाणार नाही, ती त्यातून वाचली.

१४ एप्रिल

जयंतीची ड्युटी, रात्री उशिरा घरी. मोजणी नाही.

१५ एप्रिल

मोजायची पद्धत बदलली. आधीचे तीन आठवडे मी एकटाच आत जाणाऱ्या मोजत होतो आणि आकडा रोज वेगळा, एकदा ४१, एकदा ७०. कारण ती एकदा घुसते, बाहेर येते, परत घुसते. आता पोरगी बाहेर पडणाऱ्या मोजते, मी आत जाणाऱ्या, सहा वाजून वीस मिनिटांपासून पूर्ण अंधार पडेपर्यंत, आणि शेवटी वजाबाकी. तीन दिवसांचे आकडे ५३, ५५, ५३. आधीच्या सगळ्या नोंदींवर काट मारली.

घरट्यांची स्थिती : पाकोळ्या असलेली २६, चिमण्यांनी घेतलेली ५, तुटकी ७.

अंधार पडायच्या आधी पंधरा मिनिटं सगळ्या मिळून एक गोळा करतात, जिनिंगच्या धुराड्याभोवती गोल गोल, चिर्रर्र चिर्रर्र एवढा आवाज की खाली बोललेलं ऐकू येत नाही, मग तो गोळा फुटतो आणि एकेक बाण सुटल्यासारखी पोर्चमध्ये.

२१ एप्रिल

लग्नाला सिरोंचाकडं आलो. इथं ताडाची झाडं. दुपारी मांडवात सगळे झोपले आणि मी ताडाखाली मान वर करून उभा, साल्याला वाटलं मला ताडीच पाहिजे. ताडाच्या शेंड्याभोवती बारीक, सडपातळ, लांब शेपटीच्या पाकोळ्या फिरत होत्या. ताड पाकोळी. कमरेवर पांढरं नाही, शेपटी दुभंगलेली पण मिटून ठेवते म्हणून सुईसारखी दिसते.

तिचं घरटं म्हणजे ताडाच्या लोंबत्या पानाला खालून चिकटवलेली पिसांची चिमूटभर गादी, आणि अंडीसुद्धा थुंकीनं त्याच गादीला चिकटवते, वाऱ्यात पान कितीही हललं तरी पडू नये म्हणून. आणि पाखरू ते पान उभं धरून, लटकूनच अंडी उबवतं. मी कितीतरी वेळ पाहत होतो. आमची पोर्चची, ही ताडाची, दोघींची एकच गत, बसता येत नाही म्हणून लटकायला एक जागा लागते, आणि ती जागा एकच असते. ताड तोडला की हिची गेली.

२८ एप्रिल

काठीला मोबाइल बांधून दोन घरट्यांत डोकावलो. एकात दोन अंडी, एकात तीन. पांढरीफट्ट, लांबट. तिसऱ्या घरट्याजवळ नेला तर आतली पाकोळी फडफडून बाहेर आली आणि बराच वेळ परत गेली नाही. तिथंच थांबलो. अंडी मोजण्यासाठी त्यांना त्रास द्यायचा नाही, बाहेरूनच जे दिसेल ते लिहायचं असं ठरलं.

हिशोब मांडून ठेवतो, पुढं लागेल. अंडी उबवायला तीनेक आठवडे किंवा थोडं जास्त, नर मादी दोघं बसतात. मग पिल्लू पाच-सहा आठवडे घरट्यात. म्हणजे एका विणीला दोन महिने धरा. आणि आपल्याकडं उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून पाऊस सरेपर्यंत वीण चालते, एकाची पिल्लं उडतात तेव्हा दुसऱ्याची अंडी असतात.

पिल्लू घरट्यातून निघतं तेव्हा त्याला उडायला शिकवणारं कोणी नसतं. फांदीवर बसून पंख मारून पाहू म्हणावं तर फांदीवर बसता येत नाही. पहिली उडी हीच खरी उडी.

१० मे, अक्षय तृतीया

मामांनी सांगितलं, मालक आले होते गाडी घेऊन, सोबत ठेकेदार. जिनिंग गोदामाला द्यायची आहे, पोर्च दुरुस्त करायचा, कमानीचा चुना खरवडून नवीन प्लास्टर, पावसाळ्याच्या आधी. घरी पाहुणे होते, पुरणपोळी समोर होती, जेवण गेलं नाही.

१२ मे

मालकांना भेटलो. वर्ध्याला घर आहे त्यांचं. पोरीला सोबत नेलं, तिची वही नेली. मला वाटलं होतं हाकलून लावतील. चहा पाजला.

मी म्हटलं, शेठजी, काम करू नका म्हणत नाही, जुनं झालंय, एक कमान खरंच धोक्याची आहे मी स्वतः पाहिलं. फक्त आत्ता करू नका, आत्ता अंडी पिल्लं आहेत, दिवाळीनंतर करा.

"अरे पण पाखरंच ना, दुसरीकडं बांधतील घरटं."

तेव्हा पोरीनं उत्तर दिलं, मी नाही. म्हणाली, "काकाजी, ते झाडावर नाही बसत, तारेवर नाही बसत, खाली नाही बसत. अख्ख्या गावात ते फक्त तुमच्याच भिंतीला टेकते."

शेठजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले दिवाळीनंतर पाहू, ठेकेदाराला सांगतो. लेखी काही घेतलं नाही, मला ते मागायला अवघड वाटलं. घ्यायला पाहिजे होतं.

२६ मे

नवतपा सुरू, उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस. पारा ४६. ट्रान्सफॉर्मरवर दुपारी हात ठेवता येत नाही, फ्यूज जाण्याच्या तक्रारी रात्रभर. पोर्चमध्ये पिल्लं घरट्याच्या तोंडाशी येऊन तोंड वासून लटकलीत, आत भट्टी झाली असणार. मोठ्या पाकोळ्या दुपारी दिसतच नाहीत, इतक्या उंच जातात की खांबावरून पाहिलं तरी ठिपका.

सकाळी एक पिल्लू पडलं होतं. मी ड्युटीवर, पोट्ट्यांनी त्याला पाणी पाजलं, भाताचं शित भरवलं. चांगल्या मनानं केलं. संध्याकाळी मेलं. पाकोळीला भात, पोळी, दूध काही चालत नाही, तिला फक्त किडे लागतात, आणि तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनळीत जातं. हे मी गावात आधीच सांगून ठेवायला पाहिजे होतं, फक्त आकडे लिहीत बसलो.

२९ मे

अजून एक पडलं. या वेळी मामांनी लगेच खोक्यात ठेवलं, खाली कापड, झाकणाला भोकं, सावलीत. मी लाइनवरची शिडी घेऊन गेलो, घरटं शाबूत होतं, परत आत ठेवलं. अर्ध्या तासात आई की बाप कोणीतरी आलं, गळा फुगलेला. पाकोळी एकेक किडा आणून देत नाही, पुष्कळ बारके किडे गळ्यात गोळा करून थुंकीनं त्याचा गोळा करते आणि तो पिल्लाच्या तोंडात देते. त्या पिल्लाला मिळाला. रात्री नीट झोप लागली, नवतप्यातही.

७ जून

आज जागतिक पाकोळी दिवस, आणि आजच मिरग. शाळा बंद, पण गल्लीतले वीसेक पोट्टे जिनिंगच्या आवारात जमवले. पडलेल्या पिल्लाचं काय करायचं ते आधी सांगितलं, तीन तीन वेळा म्हणून घेतलं. मग युरोपातल्या पाकोळीची गोष्ट सांगितली. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात अँडर्स हेडेनस्ट्रॉम आणि त्यांच्या सोबत्यांनी पाकोळ्यांच्या पाठीवर एक ग्रॅमच्या आसपासचं यंत्र बांधलं, २०१६ साली निकाल छापला. पाकोळ्या घरटं सोडून आफ्रिकेत गेल्या आणि परत आल्या, त्या दहा महिन्यांत काही पाकोळ्या कुठंच टेकल्या नाहीत. खाणं हवेत, पिणं हवेत, पिसं बदलणं हवेत. तिथल्याच मापात तिचा सरळ उडण्याचा वेग ताशी १११ किलोमीटर भरला होता.

एक पोरगा म्हणाला, "काहून बा, आमची बी जाते का तेवढी?" मी म्हटलं आपली जात वेगळी, आपली रात्री घरी येते. त्याला ते जास्त आवडलं, मला पण.

१३ जून

पहिला पाऊस, साडेपाचला वादळ. फीडर ट्रिप, म्हणजे गावाची मुख्य लाइन बंद, नाल्याजवळच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, डीओ उडाला, म्हणजे फ्यूज. लाइन बंद ठेवायचं परमिट घेतलं, चढलो. खाली वावरात उधईची, म्हणजे वाळवीची, पाखरं निघायला लागली होती, ओल्या मातीतून धूर निघावा तशी, आणि त्या धुरावर पाकोळ्या. आमच्या पोर्चच्या ५० असतील तर त्या शंभर होत्या, कुठून आल्या देव जाणे. कोतवाल आणि वेडे राघू खालच्या थरात, तारेवरून झेप घेऊन परत तारेवर. पाकोळ्या वरच्या थरात, न थांबता, माझ्या हेल्मेटच्या हातभर अंतरावरून, पंखांचा सर्र आवाज येत होता. खालून साथीदार ओरडून राहिला, "भाऊ, झालं का?" झालं होतं केव्हाच. मी तसाच वर उभा होतो, बेल्टला अंग टाकून.

घरी आलो तर लाइट आल्याबद्दल शेजारीण धन्यवाद म्हणाली.

५ जुलै

तीन दिवस झड. पाऊस थांबायलाच तयार नाही, हवेत किडा नाही. पिल्लं गप. युरोपातल्या पाकोळीची पिल्लं अशा वेळी अंग थंड करून, जवळजवळ गुंगीत जाऊन उपाशी दिवस काढतात. आपली काय करतात ते बाहेरून काही कळत नाही. चौथ्या दिवशी उघडलं तर सगळ्या घरट्यांतून आवाज आला.

२० जुलै

हे लिहायला दोन दिवस लागले.

ठेकेदारानं दोन पोरं पाठवली, जाळे झाडायला म्हणे. गोदामवाले पाहायला येणार होते. मामा चहाला गेले होते, वीस मिनिटं. बांबूला झाडू बांधून त्यांनी नऊ घरटी पाडली, सहांत पाकोळ्या होत्या. मामा धावत आले तेव्हा थांबले. पोरांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, एक पोरगा तर पिल्लं पाहून रडवेला झाला. दोष ज्यानं माहिती असून पाठवलं त्याचा आहे. आणि थोडा माझा, लेखी घेतलं नाही म्हणून.

चार पिल्लं मेली. तीन जिवंत. दोन पिल्लं त्याच मापाच्या पिल्लांच्या घरट्यांत ठेवली. तिसरं अगदी पंख फुटायच्या बेतात होतं, त्याच्यासाठी पाडलेल्या घरट्याच्या जागीच लाकडी खोकं तारेनं बांधलं, आत पडलेलं घरटंच अंथरलं. संध्याकाळपर्यंत त्याचे आईबाप भिंतीशी येऊन घिरटी घेऊन परत जात होते, जागा ओळखीची पण खोकं अनोळखी. अंधारात काही दिसलं नाही. सकाळी साडेसहाला एक खोक्याच्या तोंडाशी लटकली आणि आतून पिल्लाचा आवाज आला.

शेठजींना फोन केला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटी उचकटणं येतं, हे त्यांना सांगितलं, आवाज चढला माझा. त्यांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मेसेज आला, दिवाळीपर्यंत पोर्चला कोणी हात लावणार नाही, वॉचमनला विचारल्याशिवाय कोणी आत येणार नाही. त्या मेसेजची प्रिंट काढून मामांच्या खोपटात लावली.

१ ऑगस्ट

खोक्यातलं पिल्लू गेलं. म्हणजे उडालं. कोणी पाहिलं नाही, सकाळी खोकं रिकामं आणि खाली काही पडलेलं नाही. दुसऱ्यांच्या घरट्यांत ठेवलेल्या दोघांचं नक्की सांगता येत नाही, त्या दोन्ही घरट्यांतून पिल्लं उडाली एवढं खरं.

३ सप्टेंबर, तान्हा पोळा

लाकडी बैल घेऊन पोट्टे जिनिंगपर्यंत आले, मामांनी सगळ्यांना बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, दिला. पडलेल्या नऊ जागांपैकी चार जागी नवीन घरटी उभी होत आहेत, त्यातल्या एकात तोरणाचा लाल कागद अडकवलेला दिसतो. आता एकूण ३३.

१३ ऑक्टोबर

काल दसऱ्याला लोक नीळकंठ पाहायला वावरात गेले, आम्ही पोर्चमध्ये खोकी बसवली. धोक्याच्या कमानीत पाच घरटी आहेत, ती कमान उतरवावीच लागणार, म्हणून त्यांच्यासाठी बाजूच्या भिंतीला सहा. पॅकिंगच्या फळ्यांची, आतून खडबडीत ठेवली म्हणजे नखं रुततील, दार आडवं आणि बारीक.

आठ दिवसांची स्थिती पुढच्या नोंदीत.

२० ऑक्टोबर

सहापैकी दोन खोक्यांत चिमण्या. पाकोळी एकातही नाही. चिमण्यांना पण घर पाहिजेच, राहू दिल्या.

१० नोव्हेंबर

काम सुरू झालं. मिस्त्री हिंगणघाटचा, समजदार माणूस. आधी पाच घरट्यांत मोबाइल घालून पाहिलं, अंडी नाहीत, पिल्लं नाहीत, मगच कमान उतरवली, तीपण दुपारी, सगळ्या बाहेर असताना. बाकी कमानींचा चुना खरवडायचा नाही असं शेठजींनी स्वतः सांगितलं, फक्त खांब आणि फरशी करायची. मिस्त्री म्हणाला, "वरचा चुना मजबूत आहे भाऊ, आजकाल असा कोणी करत नाही, मी बी नसता खरवडला." नवीन कमानीचं प्लास्टर मी त्याला खडबडीत ठेवायला लावलं, गुळगुळीतवर नखं ठरत नाहीत. त्यानं ब्रश मारला नाही, थापीचाच हात ठेवला.

संध्याकाळी त्या पाच घरट्यांच्या पाकोळ्या आल्या, नवीन सिमेंटजवळ गेल्या, परतल्या, परत आल्या. बऱ्याच वेळा. अंधार पडता पडता इतर घरट्यांत घुसल्या, आतून भांडणाचा आवाज येत राहिला. मामा म्हणाले, "आपल्याकडं पाहुणे आले का असंच होते, होते जमा मंग."

२४ नोव्हेंबर, रविवार

घरटी २८. थंडी पडली, साडेपाचलाच गोळा जमतो. रोडवरून कापसाचे ट्रक चालू, ताडपत्रीतून सुटलेली रुई उडते, आणि एक पाकोळी रुईचा पुंजका घेऊन नवीन कमानीकडं गेली. तिथं लटकली. खडबडीत प्लास्टरवर, जिथं थापीचा वळ आहे तिथंच. किती वेळ ते मोजलं नाही, मोजायचं सुचलं नाही.

आज आत गेलेल्या वजा बाहेर आलेल्या, माझ्या हिशोबानं ५१. पोरीच्या वहीत ५०. कोणाचं तरी एक चुकलं, उद्या परत मोजू.